खेळाचें मैदान आणि राजकारण
(नभोवाणीवरील भाषण)

आपल्या शहरांतील एखाद्या बुद्धिबळ मंडळांत, गायनाच्या बैठकींत, वाचनालयांत किंवा व्यायामशाळेंत पाऊल टाकलें तर भिंतीवर एक पाटी पुष्कळदां दिसते. ‘येथें राजकीय चर्चा करूं नये.’ पाटी लावणारे चिटणीस कांहीं दुष्ट नसतात. दिवसभर कचेरींत मान मोडून काम केलेला गृहस्थ संध्याकाळीं दोन घटका विरंगुळ्यासाठीं तेथें येतो. त्याला तेथेंही तेंच भांडण ऐकावें लागूं नये, आणि वीस वर्षांचा स्नेह एका निवडणुकीपायीं तुटूं नये, एवढाच त्यांचा हेतु असतो. मी शाळामास्तर असतांना अशी एक पाटी स्वतः लिहून दिलेली आहे. अक्षर बरें म्हणून तें काम माझ्याकडे आलें होतें. ती लिहितांना जो प्रश्न माझ्या मनांत आला नाहीं, तो पुढें जुना इतिहास चाळतांना आला. राजकारण बाहेर ठेवावयाचें म्हणजे नेमकें काय बाहेर ठेवावयाचें? आणि तें पाटी लावण्यापूर्वींच आंत येऊन बसलेलें असेल तर ती पाटी कोणाच्या उपयोगाची?

ह्या प्रश्नाचें उत्तर केवळ तर्कानें शोधूं गेल्यास आपण शब्दांत गुंतून पडूं. म्हणून आज मी आपणांस एक घडलेली हकीकत सांगणार आहें. ती आहे मुंबईच्या क्रिकेटची. हौसेखातर जमलेल्या लोकांमध्यें राजकारणाची चर्चा व्हावी कीं न व्हावी, हा वाद आपल्या देशांत जितक्या उघडपणें आणि जितकीं वर्षें ह्या एका खेळावरून झाला, तितका दुसर्‍या कोणत्याही छंदावरून क्वचितच झाला असेल.

आरंभ अगदीं निरुपद्रवी आहे. मुंबईच्या पारशी तरुणांनीं १८४८ सालीं ‘ओरिएंटल क्रिकेट क्लब’ काढला. गोरे शिपाई व अंमलदार खेळतांना पाहून त्यांना त्या खेळाची गोडी लागली होती. पैसा मिळवावयाचा नव्हता, मानमरातब मिळवावयाचा नव्हता. कोटाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर संध्याकाळीं चेंडूफळी खेळावी, एवढीच हौस. पारशांच्या मागून हिंदूंनीं व मुसलमानांनीं आपापले क्लब काढले. येथवर राजकारणाचा वाराही ह्या मंडळींना लागलेला दिसत नाहीं.

मग आलीं घोडीं. ह्याच मैदानावर युरोपियन साहेब लोक पोलो खेळूं लागले. घोड्यांच्या टापांनीं जमिनीची चाळण होई आणि दुसर्‍या दिवशीं त्या खड्ड्यांवर चेंडू कोठें उसळेल ह्याचा नेम राहत नसे. बाँबे जिमखान्याची स्थापना १८७५ सालीं झाली होती. तेथें प्रवेश फक्त युरोपियनांना, आणि तेथील हिरवळ क्रिकेटसाठीं जपून ठेवलेली. अर्थात् साहेबांची घोडीं नाचत तीं नेटिव्हांच्या वांट्याच्या भागावर. १८८१ च्या सुमारास पारशी तरुणांनीं सह्या गोळा केल्या आणि गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांच्याकडे अर्ज केला. मूठभर साहेबांच्या चार घटकांच्या मौजेसाठीं शेंकडों मुलांचा रोजचा खेळ बुडावा हा कोठला न्याय, असा त्या अर्जाचा मथितार्थ होता. सरकारनें एकदां त्यांच्या बाजूनें निकाल दिला, पुन्हां तो फिरविला. ह्या सगळ्या झगड्याची बखर शापुरजी सोराबजी नांवाच्या गृहस्थांनीं १८९७ सालीं पुस्तकरूपानें छापली.

आतां पाहा, ह्या पारशी तरुणांना कोणी राजकारणी म्हणेल काय? त्यांना प्रतिनिधिसभा नको होती कीं कर कमी करून नको होते. त्यांना फक्त सपाट जमीन हवी होती. परंतु सार्वजनिक जागेवर कोणाचा हक्क, तिचा निवाडा कोणीं करावयाचा, आणि निवाडा करणारा प्रतिपक्षाचा जातभाई असेल तर दाद कोठें मागावयाची, हे तिन्ही प्रश्न त्या सपाट जमिनीखालून वर आले. राजकारण म्हणजे ह्याहून निराळें काय असतें? तें पारशांनीं मैदानावर आणलें नाहीं. तें घोड्यावर बसून आलें.

सरकारनें ह्यावर तोड काढली ती अशी कीं, समुद्रकांठच्या केनेडी सी-फेसवर, म्हणजे आजच्या मरीन ड्राईव्हलगत, एकेका समाजाला जिमखान्यासाठीं एकेक तुकडा द्यावा. लॉर्ड हॅरिस हे १८९० पासून १८९५ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. ते स्वतः इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कर्णधार राहून चुकलेले. त्यांच्या कारकीर्दींत ह्या धोरणाला जोर चढला. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना व हिंदु जिमखाना हे एकाच रस्त्यावर ओळीनें उभे राहिले. जमीन मिळाली, तंटा मिटला, सर्वांस आनंद झाला. परंतु मैदानाची वांटणी धर्मवार झाली, ही गोष्ट त्या आनंदाच्या भरांत कोणाच्या फारशी ध्यानांत आली नाहीं.

मैदानें धर्मवार, म्हणून संघ धर्मवार. आणि संघ धर्मवार, म्हणून सामनेही धर्मवार. पारशी आणि युरोपियन ह्यांचा पहिला सामना १८७७ सालींच झाला होता. १८८६ व १८८८ सालीं पारशी संघ विलायतेस जाऊन आले. १८९० च्या जानेवारींत इंग्लंडहून आलेल्या व्हर्नन ह्यांच्या संघाला पारशांनीं मुंबईंत हरविलें, तेव्हां शहर आनंदानें वेडें झालें. १८९२ पासून पारशी व युरोपियन ह्यांचे सामने दर वर्षीं होऊं लागले. १९०७ सालीं त्यांत हिंदूंचा संघ मिळाला आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ सालीं मुसलमान आले, ती चौरंगी झाली. १९३७ सालीं एतद्देशीय ख्रिस्ती, अँग्लोइंडियन, यहुदी वगैरे उरलेल्यांचा ‘इतर’ ह्या नांवाचा एक संघ मान्य झाला व स्पर्धा पंचरंगी ठरली. दिवाळीनंतरच्या थंडींत मुंबईंत ही जत्राच भरे. जो कधीं बॅट हातांत धरीत नसे, तोही कोण जिंकलें हें विचारल्यावांचून जेवावयास बसत नसे.

आतां ह्या इतिहासांतील ज्या माणसानें मला सर्वांत अधिक विचार करावयास लावलें, त्याच्याकडे वळतों. पालवणकर बाळू ह्यांचा जन्म १८७६ सालचा. जात चांभाराची. पुण्याच्या साहेबांच्या क्लबांत हिरवळीवर रूळ फिरविण्याचें व जाळें लावण्याचें काम ते महिना चार रुपयांवर करीत. तेथील गोर्‍या फलंदाजांना सराव व्हावा म्हणून त्यांच्या हातीं चेंडू दिला गेला आणि त्यांतून डाव्या हातानें संथ, फसवी गोलंदाजी करणारा एक असामान्य खेळाडू तयार झाला. पुण्यांतील हिंदु क्लबाला साहेबांवर जय मिळवावयाचा होता. बाळूंवांचून तो मिळणार नाहीं हेंही दिसत होतें. अखेर त्यांना घेतलें. मैदानावर ब्राह्मण खेळाडू त्यांनीं टाकलेला तोच चेंडू झेलीत. परंतु चहाची वेळ झाली कीं मंडळी आंत बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या मडक्यांत चहा मिळे. जेवणाचें ताटही वेगळें.

श्रोते हो, ह्या क्लबाच्या भिंतीवर ‘येथें राजकीय चर्चा करूं नये’ अशी पाटी आहे अशी क्षणभर कल्पना करा. आंत बसलेल्या मंडळींना ती पाटी अगदीं रास्त वाटली असती. खेळाविषयीं बोला, आजच्या झेलाविषयीं बोला, उद्यांच्या हवेविषयीं बोला. परंतु बाहेर मडकें हातांत धरून उभ्या असलेल्या माणसाला ज्या एका गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे, तीच त्या पाटीनें निषिद्ध ठरते. आंतल्याला जी शांतता वाटते, ती बाहेरच्याला मुस्कटदाबी वाटते. पाटीवरील अक्षरें दोघांनाही सारखींच दिसतात. फरक पडतो तो वाचणारा कोठें उभा आहे ह्यानें.

बाळू पुढें मुंबईस आले व रेल्वेंत नोकरीस लागले. हिंदु जिमखान्यानें त्यांना आपल्या संघांत घेतलें. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदूंनीं युरोपियनांना १०९ धावांनीं हरविलें. त्या विजयी संघांत बाळू व त्यांचे बंधु शिवराम, दोघेही होते. बंगालची फाळणी नुकतीच झाली होती, स्वदेशीचें वारें होतें. लोकांनीं त्या विजयाचा अर्थ आपापल्या परीनें केला. परंतु ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ ह्या सुधारणावादी पत्रानें त्यांतील अगदीं निराळा धागा उचलला. ह्या बंधूंना जिमखान्यानें आपल्यांत घेतलें, ह्या एका गोष्टीनें हजारों तरुण हिंदूंचीं मनें जितकीं उदार झालीं तितकीं इतर क्षेत्रांतील प्रयत्नांनीं झालीं नाहींत, अशा आशयाचें त्यानें लिहिलें. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. संघ पुष्कळ सामने हरला, पण बाळूंनीं त्या दौर्‍यांत ११४ बळी घेतले.

इतकें होऊनही कर्णधारपद त्यांना मिळेना. वर्षामागून वर्षें गेलीं, त्यांच्यापेक्षां लहान व कमी अनुभवाचे खेळाडू नायक झाले. बाळू केवळ गोलंदाज राहिले. १९२० सालच्या चौरंगीच्या वेळीं त्यांना डावलून नेतृत्व दुसर्‍याकडे देण्यांत आलें, तेव्हां शिवराम व धाकटे बंधु विठ्ठल ह्यांनीं संघांतून अंग काढून घेतलें. इतकेंच नव्हे, तर आपण कां निघालों हें त्यांनीं पत्रक काढून जाहीरपणें सांगितलें. खेळाच्या कर्तृत्वावर निवड न होतां जातीवर होते, हा त्यांचा आरोप. मोठी खळबळ उडाली. ‘खेळांत जात कशाला आणतां?’ असें म्हणणारे त्याही वेळीं असणारच. जणुं काय जात त्या दोन बंधूंनींच त्या दिवशीं आणली होती! अखेर तडजोड होऊन बाळूंना उपकर्णधार नेमलें गेलें, आणि नायक कांहीं वेळ मैदानाबाहेर गेला असतां संघाचें नेतृत्व त्यांनीं केलेंही. त्याच डिसेंबरांत नागपूरच्या काँग्रेसनें असहकाराच्या ठरावांत अस्पृश्यतेचा कलंक दूर करण्याचें आवाहन केलें. पुढें तीनच वर्षांनीं, १९२३ सालीं, विठ्ठल पालवणकर हिंदु संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षीं हिंदूंनीं स्पर्धा जिंकली.

ही घटना नीट ध्यानांत ठेवावी अशी माझी विनंती आहे. येथें राजकीय चर्चा झाली, उघड झाली, कडवटपणेंही झाली. आणि तीमुळें क्लब मोडला नाहीं, संघ मोडला नाहीं, स्नेहही बहुधा मोडले नाहींत. जें कांहीं मोडलें तें मोडावयासच हवें होतें.

आतां दुसरी बाजू. बाहेरच्या जगांतील मोठीं वादळें मैदानावर येऊं लागलीं, तेव्हां काय झालें? १९३० सालीं कायदेभंगाची चळवळ सुरू झाली, आणि १९३० पासून १९३३ पर्यंत चौरंगी सामने भरलेच नाहींत. रस्त्यावर लाठीमार चालू असतां मैदानावर टाळ्या वाजविणें लोकांस जड वाटलें. १९३४ सालीं सामने पुन्हां सुरू झाले आणि गर्दी पूर्वीप्रमाणेंच लोटली.

१९३७ सालीं नवें ब्रेबोर्न स्टेडियम उभें राहिलें व स्पर्धा तेथें गेली. त्या वर्षीं बसावयाच्या जागांच्या वांटणीवरून तंटा होऊन हिंदु जिमखान्यानें स्पर्धेंतून माघार घेतली. ह्या माघारीबद्दल पुष्कळ रुसवेफुगवे झाले. परंतु खेळांत राजकारण आणल्याचा आळ तिच्यावर आल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. ती आपली संस्थेच्या मानापानाची गोष्ट मानली गेली. तीन वर्षांनीं त्याच संस्थेपुढें माघारीचा प्रश्न पुन्हां आला. ह्या वेळीं कारण खुर्च्यांचें नव्हतें.

१९४० चा ऑक्टोबर. विनोबा भावे ह्यांनीं १७ तारखेस वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला. एकामागून एक पुढारी तुरुंगांत जाऊं लागले. यूरोपांत महायुद्ध पेटलेलें. अशा वेळीं पंचरंगी सामने भरवावे काय, असा प्रश्न निघाला. हिंदु जिमखान्याचे प्रतिनिधि डिसेंबरांत वर्ध्यास जाऊन गांधीजींना भेटले व त्यांचा सल्ला मागितला. गांधीजींनीं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी कीं, देशांतले मोठे लोक तुरुंगांत असतां आणि जगांत संहार चालला असतां असले करमणुकीचे सोहळे बंद ठेवावे असें ज्यांस वाटतें, त्यांच्याकडे आपली सहानुभूति आहे. दुसरी ह्याहून खोल होती. कॉलेजांचे किंवा संस्थांचे आपसांतले सामने आपण समजूं शकतों, पण हिंदु, पारशी, मुसलमान असे धर्मवार संघ कशासाठीं, हें आपल्याला कधींच उमगलेलें नाहीं. निदान खेळाचें अंगण तरी ह्या भेदापासून मोकळें असावें, असें त्यांचें म्हणणें होतें.

झालें. शहरांत दोन तट पडले. ‘बाँबे क्रॉनिकल’ पत्राचे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी हे जातवार सामन्यांच्या विरुद्ध होते. नभोवाणीवरून सामन्यांचें धावतें वर्णन करून घरोघरीं पोंचलेले तल्यारखान हेही ह्या सामन्यांचे कडवे विरोधक बनले. जिमखान्याच्या सभासदांची सभा भरली, खडाजंगी झाली आणि बहुमतानें माघारीचा निर्णय झाला. १९४० सालीं हिंदु संघ स्पर्धेंत उतरला नाहीं. पुढच्या वर्षीं मात्र तो परत आला. १९४२ सालीं ‘भारत छोडो’च्या धामधुमींत स्पर्धा झाली नाहीं, १९४३ पासून पुन्हां झाली, आणि १९४६ च्या आरंभीं संपलेली स्पर्धा शेवटली ठरली.

स्पर्धेच्या पाठीराख्यांचें म्हणणेंही मी आपणांपुढें न्यायानें मांडलें पाहिजे, कारण तें पोकळ नव्हतें. ते म्हणत, ह्या सामन्यांइतका चांगला खेळ देशांत दुसरीकडे पाहावयास मिळत नाहीं. रणजी स्पर्धा १९३४ सालीं सुरू झाली, पण लोक तिकडे फिरकत नाहींत. ते म्हणत, निरनिराळ्या धर्मांचे खेळाडू येथें मित्र म्हणून भेटतात. मुसलमान फलंदाजाच्या फटक्याला हिंदु प्रेक्षक टाळ्या देतो, हिंदूच्या गोलंदाजीला पारशी म्हातारा मान डोलावतो. ह्यापरतें ऐक्य दुसरें कोणतें? ते असेंही म्हणत कीं, ज्यांना खेळांतलें कांहीं कळत नाहीं त्यांनीं खेळाडूंना उपदेश करूं नये. १९४४ सालीं मुसलमानांनीं हिंदूंना केवळ एका गड्यानें हरविलें. इतका अटीतटीचा सामना, तोही अशा तापलेल्या काळांत, आणि तरी तो खेळ म्हणूनच पार पडला, ही त्यांच्या बाजूची मोठी साक्ष आहे.

पण ह्याच स्पर्धेंत दुसरी एक साक्ष आहे. १९४३ सालच्या अंतिम सामन्यांत हिंदूंनीं पांच गडी बाद ५८१ धावा केल्या. विजय मर्चंट २५० वर नाबाद राहिले. समोर होता ‘इतर’ हा संघ. त्याचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसर्‍या डावांत संघाच्या सर्व मिळून ३८७ धावा झाल्या, आणि त्यांपैकीं ३०९ एकट्या विजय हजारे ह्यांच्या. एका बाजूस त्यांचे बंधु विवेक खिंड लढवीत उभे. तीनशें धावांच्या त्या भागींत विवेक ह्यांचा वांटा अवघ्या २१ धावांचा. असा पराक्रम क्रिकेटच्या इतिहासांत विरळा. हजारे सांगलीचे, मराठी बोलणारे, धर्मानें ख्रिस्ती. सांगलीच्या मातींत वाढलेल्या ह्या माणसाला आपल्याच मुंबई इलाख्याच्या सर्वांत मोठ्या मैदानावर जें नांव मिळालें तें ‘इतर’! कोणी त्यांचा अपमान करावा म्हणून तें दिलें नव्हतें. उलट, ज्यांना कोठेंच जागा नाहीं त्यांना जागा करून द्यावी ह्या सद्भावनेनेंच तो संघ काढला होता. परंतु व्यवस्थाच अशी होती कीं, सद्भावनेनेंही तिच्यांत माणसाला ह्यापेक्षां बरें नांव देतां येत नव्हतें. आणि त्याच १९४३ सालीं बंगालमध्यें लाखों माणसें दुष्काळांत भुकेनें मेलीं, हेंही विसरतां येत नाहीं.

मग आपल्या मूळ प्रश्नाचें उत्तर काय? ह्या इतिहासावरून मला तीन गोष्टी निरनिराळ्या करून पाहाव्याशा वाटतात. कारण आपण त्या तिन्हींना ‘राजकारण’ हें एकच नांव देतों आणि मग एकाच पाटीनें तिन्ही झांकून टाकतों.

पहिली गोष्ट संस्थेच्या स्वतःच्या कारभाराची. जागा कोणाची, सभासद कोणीं व्हावें, नायक कोणीं व्हावें, चहा कोणीं कोठें बसून प्यावा. ह्या गोष्टी बाहेरच्या राजकारणाशीं कितीही निगडित असल्या तरी त्या संस्थेच्याच आहेत. त्यांची चर्चा बंद करण्याचा अधिकार कोणत्याही चिटणीसाला नाहीं. शिवराम व विठ्ठल ह्यांनीं १९२० सालीं केलें तें बाहेरचें भांडण घरांत आणणें नव्हतें. घरांतला कचरा दाखवून देणें होतें.

दुसरी गोष्ट बाहेरच्या पक्षोपक्षांच्या भांडणाची, ज्याचा निकाल त्या संस्थेच्या हातीं नाहीं आणि ज्याच्याशीं तिच्या कारभाराचा संबंधही नाहीं. येथें मात्र त्या पाटीची बाजू मी घेईन. ज्या प्रश्नावर आपण ठराव केला तरी जगांतलें एक पानही हलणार नाहीं, त्यावर रोज संध्याकाळीं एकमेकांचीं मनें दुखविण्यांत पुरुषार्थ नाहीं. बुद्धिबळाच्या पटासमोर बसलेले दोन गृहस्थ मतदानाच्या दिवशीं एकमेकांच्या विरुद्ध मत देतात आणि संध्याकाळीं पुन्हां पट मांडतात, ही लोकशाहीची कांहीं लहान कमाई नव्हे. निदान एक तरी अंगण असें असावें, जेथें माणसाची ओळख त्याच्या मतावरून न होतां त्याच्या चालीवरून होते. पाळवयाचा तो संयम सर्वांनीं सारखा पाळावा, एवढीच अट. सत्तेच्या बाजूनें बोललेलें तें सहज संभाषण आणि विरुद्ध बोललेलें तें राजकारण, असा पंक्तिप्रपंच नसावा.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. एखादा काळ असा येतो कीं, आपला छंद चालू ठेवणें हीच एक भूमिका होऊन बसते. १९३० सालीं तसें झालें, १९४० सालीं तसें झालें. अशा वेळीं बोलूं नका म्हणून चालत नाहीं, कारण न बोलतां सामना भरविला तरी तें एक उत्तरच होतें. येथें मला त्या जिमखान्याची रीत आदर्श वाटते. त्यांनीं सल्ला मागितला, सभा बोलाविली, दोन्ही बाजू ऐकल्या, मतें मोजलीं आणि बहुमताप्रमाणें वागले. हरलेल्या बाजूनें संस्था जाळली नाहीं. पुढल्या वर्षीं तिनें आपलें म्हणणें पुन्हां मांडलें व जिंकून दाखविलें. तो दुसरा निर्णय बरा कीं वाईट ह्याविषयीं मतभेद होईल, पण दोन्ही निर्णय उघड्यावर झाले.

एक शंका मात्र मनांतून जात नाहीं. धर्मवार संघ कशासाठीं, हा गांधीजींनीं १९४० सालीं विचारलेला प्रश्न अगदीं साधा आहे. एखाद्या पोरानेंही तो विचारावा. तो १९०७ सालीं, तिरंगीच्या वेळीं, मोठ्यानें कां विचारला गेला नाहीं? तेव्हां विचारला असता तर कदाचित् मोहल्ल्यांचे, शहरांचे, प्रांतांचे संघ झाले असते. सामने राहिले असते, गर्दी राहिली असती, फक्त नांवें बदललीं असतीं. तेहतीस वर्षें तो प्रश्न शिष्टाचाराखालीं दडपून ठेवला, आणि मग तो ज्या दिवशीं वर आला त्या दिवशीं सुधारणेला वेळ उरला नव्हता. बंद करणें एवढाच उपाय राहिला होता. १९२० सालचा जातीचा प्रश्न विचारल्यापासून तीन वर्षांत मार्गीं लागला. न विचारलेल्या प्रश्नानें सबंध स्पर्धाच नेली. आणि ती गेली म्हणून देशाची फाळणी टळली असेंही नाहीं. १९४७ सालीं ती झालीच. खेळ बंद करून द्वेष बंद होत नाहीं, हेंही प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे.

शेवटीं पुन्हां बाळूंविषयीं दोन शब्द. १९३२ सालच्या पुणें करारावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांत पी. बाळू हें नांव आपणांस सांपडेल. १९३७ सालच्या निवडणुकींत ते काँग्रेसच्या वतीनें खुद्द डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. त्यांची बाजू बरोबर होती कीं चूक, हा आजचा विषय नाहीं. परंतु ज्या माणसाला एके काळीं चहाच्या खोलींत प्रवेश नव्हता, त्याचें नांव देशाच्या एका मोठ्या करारावर आलें, तें त्याला क्रिकेटनें दिलेल्या प्रतिष्ठेमुळें. खेळ आणि राजकारण ह्यांच्यामध्यें भिंत आहे असें मानणार्‍यांनीं ही भिंत बाळूंना कोठें लागली तें दाखवून द्यावें. १९५५ सालीं मुंबईंत त्यांचा अंत झाला.

माझ्या हातची ती जुनी पाटी अजून भिंतीवर आहे कीं नाहीं, ठाऊक नाहीं. असेल तर ती उतरवावी असें मी म्हणणार नाहीं. तिच्याखालीं आणखी एक ओळ घालावी, इतकीच सूचना करीन: ‘परंतु ज्या कोणास येथें बाहेर उभें राहावें लागत असेल, त्यानें अवश्य बोलावें, आणि आधीं त्याचें ऐकून घेतलें जाईल.’ अक्षर पूर्वीसारखें वळणदार राहिलें नाहीं. तरी ती ओळ लिहून देण्यास मी केव्हांही तयार आहें.